डाव्या पायाची बेरोजगारी

मोटारीत थाट असतो तो उजव्या पायाचा. वेग वाढवायचा तर तो, गाडी थांबवायची तर तोच. डाव्या पायाकडे एकच खातं, क्लचचं. काम कष्टाचं आणि श्रेय शून्य. नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर गाडी ऐन चढावर बंद पडते, मागचे हॉर्न बडवतात आणि शेजारी बसलेली व्यक्ती आपली-ड्रायव्हरची ओळखच नसल्यासारखी खिडकीबाहेर बघू लागते. तरीही या पायानं पिढ्यान्‌पिढ्या इमानानं नोकरी केली. घरगुती गाड्यांतून अमेरिकनांनी त्याला १९४०च्या सुमारासच निवृत्त करायला सुरुवात केली होती. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र त्याची ऐट टिकून होती. तिथून त्याची हकालपट्टी कधी सुरू झाली, त्याची तारीखच सांगता येते : २६ मार्च १९८९.

त्या दिवशी ब्राझीलमध्ये रिओच्या जाकारेपाग्वा ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत होती. जॉन बर्नार्ड या इंग्रज डिझायनरनं फेरारीसाठी जी गाडी बनवली होती, तिच्यात गिअरचा दांडाच नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन छोट्या पट्ट्या, म्हणजे पॅडल : उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. दांडा आणि त्याच्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्या काढून टाकल्या की गाडी अरुंद करता येते, असा बर्नार्डचा हिशेब. हिशेब उत्तम होता, गाडी मात्र सरावात सारखी बंद पडत होती. ती शर्यत पूर्ण करेल यावर खुद्द ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलचाही विश्वास नव्हता. त्यानं म्हणे परतीचं लवकरचं विमान धरायची तयारी ठेवली होती. शर्यतीत मधेच त्याचं अख्खं स्टिअरिंग बदलावं लागलं. आणि तरीही तो जिंकला! विमान अर्थातच चुकलं. वर बक्षीस घेताना करंडकाच्या कडेनं त्याची बोटं कापली. ज्या दिवशी गिअरचं काम पायाकडून काढून बोटांकडे दिलं, त्याच दिवशी बोटं जायबंदी! डाव्या पायाचे तळतळाट लागतात ते असे.

पुढच्या सहा वर्षांत फॉर्म्युला वनमधून दांडा हद्दपार झाला. १९९५ साली फोर्टी नावाच्या एका नवख्या इटालियन संघानं शेवटची हातानं गिअर बदलायची गाडी उतरवली. त्या संघाला वर्षभरात किती गुण मिळाले? एकही नाही.

आता जे काम गेलं ते काय होतं, हेही बघायला हवं. वळण जवळ आलंय, गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे आणि तुम्हाला दुसरा हवा आहे. उजव्या पायानं ब्रेक दाबायचा. डाव्यानं क्लच. एका हातानं दांडा ओढायचा, दुसऱ्यानं स्टिअरिंग सांभाळायचं. पण एवढ्यानं भागत नाही. खालच्या गिअरला इंजिन जास्त फिरायला हवं. ते न फिरवता क्लच सोडला तर मागची चाकं अडखळतात आणि गाडी वळणाऐवजी शेताचा रस्ता धरते. म्हणून ब्रेकवरचा उजवा पाय ब्रेकवरच ठेवून त्याच पायाच्या टाचेनं किंवा कडेनं अॅक्सिलरेटरला हलकी टिचकी मारायची. म्हणजे तीन पेडल, दोन पाय आणि एका पायाला एकाच वेळी दोन कामं. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेन्ना होंडाची एनएसएक्स सुझुकाच्या ट्रॅकवर पिटाळत असतानाची एक फिल्म प्रसिद्ध आहे. तिच्यात कॅमेरा त्याच्या पायांवर रोखलेला आहे. पांढरे मोजे, साधे ऑफिसात घालायचे बूट, आणि पाय असे चाललेत की तबलजीनं हात जोडावेत. ती फिल्म पाहून जगभर किती जणांनी आपल्या क्लचप्लेटी जाळल्या असतील, त्याची मोजदाद कुठल्याही गॅरेजनं ठेवलेली नाही.

बरं, या दांड्याचे नखरेही काही कमी नव्हते. जुन्या फेरारीत गिअरबॉक्सचं तेल तापेपर्यंत दुसरा गिअर पडायचाच नाही. मालक मंडळी पहिल्यावरून थेट तिसरा टाकत, आणि हा दोष आहे असं कुणी म्हटलं तर त्याच्याकडे दयेनं बघत. पोर्शेची करेरा जीटी या बाबतीत सर्वांच्या वरताण. पाच हजार सातशे सीसीचं, दहा सिलिंडरचं, शर्यतीसाठी जन्मलेलं इंजिन आणि त्याला सिरॅमिकचा बशीएवढा क्लच. ती जागेवरून काढताना अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, नुसता क्लच हळूहळू सोडायचा, ही तिची खरी दीक्षा. ती न घेतलेले भलेभले सिग्नलवर गाडी बंद पाडत. कोट्यवधी रुपये मोजून आरटीओच्या परीक्षेत नापास होण्याची सोय याआधी कुणी केली नव्हती.

फेरारीनं १९९७ मध्ये रस्त्यावरच्या गाडीला, म्हणजे एफ३५५ला, पॅडल बसवले. खाली क्लच आणि गिअरबॉक्स जुनेच. फक्त पायाऐवजी पंपाच्या जोरावर क्लच दबायचा. ट्रॅकवर हे झकास. गावातल्या गर्दीत मात्र प्रत्येक गिअरला आतल्या माणसांच्या माना अशा हलायच्या की सगळं कुटुंब कसल्या तरी प्रस्तावाला मान्यता देतंय असं वाटावं. तरी श्रीमंतांनी जादा पैसे मोजून ते घेतले. कारण पॅडल म्हणजे फॉर्म्युला वन, आणि दांडा म्हणजे ट्रक, हे तेव्हाचं गणित.

मग आले दोन क्लचवाले गिअरबॉक्स. कल्पना सोपी : विषम गिअर एका क्लचकडे, सम दुसऱ्याकडे. तिसरा चालू असतानाच चौथा तयार उभा. एक सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो, मधे दम खायला जागाच नाही. अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याला हे १९३९च्या सुमारास सुचलं होतं. पोर्शेनं १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत ते वापरलं, २००३ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फमध्ये आणलं आणि २००८ मध्ये ते पोर्शेच्या ९११ मध्ये पोचलं. जुन्या एका क्लचवाल्यांनीही मागे राहायचं नाही असं ठरवलं होतं. फेरारीच्या ४३० स्कुडेरियाला एक गिअर बदलायला ६० मिलिसेकंद लागत. तुमची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. निष्णात माणूस हातानं गिअर बदलून होईपर्यंत या गाडीनं तो बदलून, परत बदलून, वर कॉफीची ऑर्डर दिलेली असते.

इथून जगाचे दोन भाग झाले. सोयीसाठी एका घराण्याला आपण दांडेकर म्हणू आणि दुसऱ्याला पॅडलकर.

पॅडलकरांचं बोलणं आकड्यांत. ते मिलिसेकंदाखाली बोलत नाहीत. दांडेकरांचं बोलणं भावनेत. ते ‘गाडीशी संवाद’ या शब्दप्रयोगावाचून दोन मिनिटं राहू शकत नाहीत. पॅडलकर म्हणतात, यंत्र तुमच्यापेक्षा वेगवान आहे हे मान्य करा. दांडेकर म्हणतात, मग चालवायलाही यंत्रच बसवा, तुम्ही घरी थांबा. दोघांचंही बरोबर असतं, त्यामुळे वाद संपत नाही. आणि या वादातले सर्वांत कडवे सैनिक कोण? ज्यांच्या दारात दोन्हींपैकी एकही गाडी नाही ते. ज्याच्याकडे खरी फेरारी असते तो बहुधा तिच्या विम्याच्या हप्त्याचा विचार करत गप्प बसलेला असतो.

भाऊबंदकी दोन्ही घराण्यांत आहे. पॅडलकरांत मोठा वाद असा की, पट्ट्या स्टिअरिंगबरोबर फिरायला हव्यात की खांबाला पक्क्या हव्यात. फेरारीत त्या पक्क्या; लांबलचक आणि जागच्या जागी. पोर्शेत त्या चक्राबरोबर फिरतात. यावरून माणसं जेवणं सोडून उठतात. पोर्शेनं तर सुरुवातीला ९११च्या स्टिअरिंगवर पट्ट्यांऐवजी बटणं दिली होती : ढकललं की गिअर वर, ओढलं की खाली, दोन्ही हातांना तेच. त्या बटणांबद्दल मात्र दोन्ही घराण्यांचं मत एक झालं. इतकी एकी नंतर कधी दिसली नाही.

दांडेकरांमधली भाऊबंदकी याहून खोल आहे. २००८ मध्ये निसाननं ३७०झेडमध्ये एक सोय दिली : तुम्ही खालचा गिअर टाकलात की अॅक्सिलरेटरची टिचकी गाडीच मारणार. मग इतरांनीही ती दिली. म्हणजे सेन्नाच्या पायाचं काम संगणक करणार आणि दांडा धरून ऐट करायला आपण मोकळे. जुन्या दांडेकरांनी अशांना पंक्तीतून उठवलं. नवे दांडेकर म्हणतात, ती सोय बटण दाबून बंद करता येते. कुणी बंद करतं का, ते विचारायचं नसतं.

वादाला खरी धार आली ती २०१३ मध्ये. पोर्शेची जीटी३ म्हणजे दांडेकरांचं कुलदैवत. नवी जीटी३ आली ती फक्त पॅडल घेऊन. कंपनीचं म्हणणं सरळ होतं : ही ट्रॅकची गाडी आहे, ट्रॅकवर हेच वेगवान आहे, घड्याळ खोटं बोलत नाही. गाडीनं जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगचा वीसेक किलोमीटरचा डोंगरी फेरा साडेसात मिनिटांच्या आत मारून ते सिद्धही केलं. दांडेकरांनी सुतक पाळलं.

तीन वर्षांनी पोर्शेनं ९११ आर आणली. सहा गिअर, तीन पेडल, मागचा मोठा पंख नाही, सगळं कमी. गाड्या फक्त ९९१. आधी विचारणा कुणाला झाली? ज्यांनी पोर्शेची ९१८ स्पायडर घेतली होती त्यांना. म्हणजे कंपनीच्या सर्वांत संगणकी, बॅटरीवाल्या, पॅडलवाल्या गाडीच्या मालकांना सर्वांत साध्या गाडीचा मान. बाकी जग हात चोळत बसलं आणि जुन्या बाजारात तिचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पटींवर गेला. कमी सामान, कमी वेग, जास्त पैसे. पोर्शेच्या हिशेबनिसाला त्या रात्री शांत झोप लागली असणार. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, जीटी३मध्ये दांडा परत आला.

त्या गाडीचे कंपनीचे आकडे दोन्ही घराण्यांनी पाठ केलेत. शून्य ते शंभर : पॅडलला ३.४ सेकंद, दांड्याला ३.९. पॅडलकर या अर्ध्या सेकंदावर निकाल लावतात. दांडेकर शांतपणे पुढची ओळ वाचायला सांगतात : कमाल वेग पॅडलचा ३१८, दांड्याचा ३२०. हे दोन किलोमीटर दांडेकर घराण्यानं देव्हाऱ्यात ठेवलेत. २०२५ मध्ये तर दांड्याची नवी जीटी३ नुर्बर्गरिंगवर ६ मिनिटं ५६ सेकंदांत फिरली, चार वर्षांपूर्वीच्या पॅडलवाल्या जीटी३पेक्षा तीन सेकंदांहून अधिक आधी. दांडेकरांनी पेढे वाटले. पॅडलकरांनी एवढंच विचारलं की टायर आणि सस्पेन्शन तेच होते का. उत्तरादाखल आणखी एक पेढा मिळाला.

फेरारीची गोष्ट वेगळी आणि जास्त बोधप्रद. २००९ची ४५८ इटालिया आली तीच दांड्याविना. हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट लपवून ठेवली. त्याच सुमाराच्या कॅलिफोर्निया मॉडेलला दांड्याचा पर्याय होता आणि तो निवडणारी गिऱ्हाइकं एका हाताच्या बोटांवर मोजता आली. मिळत होता तोवर कुणी घेतला नाही. बंद झाल्यावर सगळे रडले. आज जुन्या फेरारीत चकचकीत पोलादी खाचांमधून खटखट फिरणारा दांडा असेल, तर पॅडलवाल्या त्याच गाडीपेक्षा तिला फार वरचा भाव आहे. इतका, की काही मालक पॅडलचा गिअरबॉक्स काढून दांडा बसवून घेतात. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यानं जादा पैसे देऊन दांडा काढला, तोच आता जादा पैसे देऊन दांडा लावतोय. दोन्ही वेळा बिल त्याच्याच नावावर.

यात नवल काही नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही हमरस्त्यावर ‘चुलीवरचं जेवण’ अशी पाटी दिसते. आपल्या आज्यांनी चुलीपुढे डोळे जाळले, त्यांच्या सुनांनी गॅस आल्यावर सुटकेचा नि:श्वास सोडला, आणि नातवंडं आता त्याच धुराचे पैसे मोजतात. पण एक लक्षात घ्या. रोज सकाळी साडेसहाला चूल पेटवायची सक्ती असेल, तर नातवंडं त्या पाटीकडे फिरकणार नाहीत. चुलीची गोडी गॅस घरी असल्यामुळे आहे. दांड्याचंही तेच. गिअर बदलण्याची गरज संपली, तेव्हा त्यातली मजा सापडली.

ही मजा विकणारे दुकानदार आता मोठे मोठे आहेत. गॉर्डन मरी यांनी एकेकाळी मॅक्लॅरन एफ१ बनवली होती. त्यांची टी.५० नावाची गाडी मिनिटाला १२,१०० फेरे मारणारं इंजिन आणि हातानं बदलायचे सहा गिअर घेऊन आली. गाड्या शंभर, किंमत करांआधी २३ लाख ६० हजार पौंड. आणि स्वीडनच्या कोनिग्सेगनं तर कमाल केली. त्यांच्या सीसी८५० मध्ये नऊ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. हवं तेव्हा तोच सहा गिअरच्या दांड्याचं सोंग घेतो. क्लच पेडल आहे, खाचांमधून फिरणारा दांडा आहे, पण दोन्हींच्या मागे सळ्या नाहीत, तारा आहेत. क्लच घाईनं सोडलात तर गाडी बंद पडते. बंद पडायचं काही कारण नसताना ती बंद पडावी म्हणून जगातल्या हुशार अभियंत्यांनी रात्री जागवल्या. डाव्या पायाला पुन्हा नोकरी मिळाली खरी, पण नाटक कंपनीत.

याच्याही पुढची पायरी विजेच्या गाड्यांनी गाठली. बहुतेक विजेच्या गाड्यांत बदलायला गिअरच नसतात. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एनला २०२३ मध्ये पॅडल आले आणि आठ खोटे गिअर आले. गिअर वेळेवर बदलला नाही तर खोटं इंजिन खोट्या मर्यादेला धडकतं, गाडी अडखळते आणि स्पीकरमधून खोटा आवाज येतो. टोयोटानं तर विजेच्या गाडीसाठी क्लच पेडलसकट खोटा मॅन्युअल बनवून पत्रकारांना चालवायला दिला. आणि गंमत अशी की, चालवणारे यावर हसत नाहीत, खूश होतात. मी त्यांना हसणार होतो. मग लक्षात आलं की, आपण लिफ्ट लवकर यावी म्हणून दिवा लागलेलं बटण परत परत दाबतो, तेव्हा आपला वकूब फार वेगळा नसतो.

आपल्याकडेही हे लोण कधीच पोचलंय. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये दोन क्लच आणि सात गिअर घेऊन बाहेर पडली. होंडा सिटीच्या सीव्हीटीला स्टिअरिंगमागे पॅडल मिळाले. सीव्हीटीत गिअर नसतात, पट्टा आणि कप्प्या असतात. पॅडल ओढले की पट्टा सात पायऱ्यांवर थांबल्याचं नाटक करतो. मालक मात्र पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना ते दाखवतो, दुसऱ्या आठवड्यात एकदा वापरतो आणि त्यानंतर त्यांवर धूळ बसते. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातला दोन्ही हातांना एकच काम असतं : डोकं धरणं.

तेव्हा निवाडा देऊन टाकू. घड्याळाशी भांडण असेल तर पॅडल. त्यात दांडेकरांनी पडू नये, दोन किलोमीटर घेऊन तर अजिबात नाही. मोकळा डोंगरी रस्ता, सकाळची वेळ आणि पोचायची घाई नसेल तर दांडा. त्यात पॅडलकरांनी मिलिसेकंद मोजू नयेत. त्या रस्त्यावर वेळ वाचवायचा नसतो, घालवायचा असतो. आणि गावातल्या रहदारीत ऑटोमॅटिक. इथं भावनाही नकोत आणि आकडेही नकोत, गुडघा सांभाळावा.

राहिला डावा पाय. इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला तीन पेडलची गाडी चालवायचा परवानाच मिळत नाही. अमेरिकेत गाडी चोरायला आलेले चोर आत बसतात, क्लच बघतात आणि रिकाम्या हातानं परततात, अशा बातम्या अधूनमधून येतात. ही विद्या लोपायच्या आत घरातल्या मुलांना क्लचवरच गाडी शिकवा. दांडा ज्याला येतो त्याला पॅडल आणि ऑटोमॅटिक पहिल्याच दिवशी येतात. उलट होत नाही. फक्त ऑटोमॅटिकमध्ये बसवताना त्यांना डावा पाय मागे घेऊन ठेवायला सांगा. सवयीनं तो क्लच शोधतो, तिथं मोठा ब्रेक असतो, आणि मागच्या सीटवर बसलेले काका पुढच्या सीटवर येतात.